एकट्यानं काळ्या अस्वलाची स्प्रिंग शिकार: मोंटानात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मार्च संपत आला की मला मेसेज यायला लागतात, कुणी बॉयसीहून, कुणी सिएटलहून, की दादा यंदा अस्वलाला जायचंय, एकट्यानंच, काय काय लागेल. त्यांना फोनवर जे सांगतो तेच इथं सविस्तर लिहितोय. मी मोंटानातल्या बिटररूट व्हॅलीच्या आसपास शिकार करतो म्हणून नियम आणि जागा तिकडच्याच सांगणार, तुमचं राज्य दुसरं असेल तर तिथलं त्या वर्षीचं नियमांचं पुस्तक आधी वाचा. आणि एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकतो कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एकट्यानं जाणाऱ्यानं ट्रिगरला बोट लावायच्या आधी एक हिशोब पक्का केलेला असला पाहिजे, हे जनावर इथं पडलं तर मी एकटा ते गाडीपर्यंत कसं नेणार. हिशोब जुळत नसेल तर गोळी झाडायची नाही, अस्वल कितीही मोठं असलं तरी.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी, आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं अस्वलाला हात लावणं गुन्हा आहे आणि तो असायलाच पाहिजे. इथलं काळं अस्वल ही वेगळी जात, इथं तिचा सीझन, लायसन्स, मोजदाद सगळं राज्य सरकार बघतं. हा लेख तेवढ्यापुरताच.

आधी कागद

१ जानेवारी १९८५ नंतर जन्मला असाल तर मोंटानात हंटर एज्युकेशनचं सर्टिफिकेट लागतंच. त्यानंतर मोंटाना फिश, वाइल्डलाइफ अँड पार्क्सची, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याची, अस्वल ओळखायची ऑनलाइन परीक्षा, ती पास झाल्याशिवाय काळ्या अस्वलाचं लायसन्स मिळत नाही. ही परीक्षा उरकून टाकायची म्हणून देऊ नका, तीनचारदा द्या, फोटो बघत बसा, का ते पुढं येईल. सलग १८० दिवस राहिल्याशिवाय तुम्ही मोंटानाचे रहिवासी धरले जात नाही, तोवर बाहेरच्याचे पैसे भरावे लागतात आणि ते पुष्कळ जास्त आहेत.

आता आपल्या लोकांचा खरा प्रश्न, व्हिसा. ग्रीन कार्ड असेल तर बंदूक बाळगायला त्या बाबतीत अडचण नाही. पण एच-१बी किंवा एफ-१ वर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूक किंवा गोळ्या जवळ ठेवायला मुळात मनाई आहे, आणि त्याला जे अपवाद आहेत त्यातला एक म्हणजे राज्याचं चालू हंटिंग लायसन्स. म्हणजे क्रम महत्त्वाचा, आधी लायसन्स, मग बंदुकीचा विषय. मित्राची रायफल जरा हातात धरून बघतो म्हणून सुद्धा रेंजवर जाऊ नका. इमिग्रेशन वकिलाला तासाभराचे पैसे द्या आणि विचारून घ्या, इथं चूक झाली तर नुसती शिकार नाही, नोकरी-घर सगळंच जातं.

सीझन १५ एप्रिलला उघडतो आणि युनिटप्रमाणं, म्हणजे शिकारीच्या विभागाप्रमाणं, मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत कधीतरी बंद होतो. काही युनिटमध्ये ठरलेल्या संख्येइतक्या माद्या मारल्या गेल्या की सीझन मधेच बंद करतात, त्यामुळं निघायच्या आदल्या रात्री वेबसाइट बघायची सवय लावा. शेजारच्या आयडाहोत बऱ्याच युनिटमध्ये खाणं टाकून अस्वलाला बोलवायला परवानगी आहे, मोंटानात नाही. इथं चालायचं आणि दुर्बिणीतून शोधायचं.

कुठं आणि कधी

अस्वल गुहेतून बाहेर येतं ते उपाशी, आणि पहिले काही आठवडे ते गाईसारखं गवत खात असतं. हे डोक्यात बसलं की अर्धी शिकार कळली. मोठे नर आधी बाहेर पडतात, पिल्लंवाल्या माद्या सगळ्यात शेवटी. बर्फ पहिल्यांदा वितळतो दक्षिणेकडं तोंड असलेल्या उतारांवर, तिथं कोवळं गवत फुटतं, डँडेलियन, क्लोव्हर, ग्लेशियर लिलीची पिवळी फुलं, आणि अस्वल तिथं येतं. मग जसजसा बर्फ वर सरकतो तसतशी ही हिरवी पट्टी वर सरकते आणि अस्वलं तिच्या मागोमाग. एप्रिलच्या शेवटी जी जागा भरलेली असते ती जूनमध्ये रिकामी असू शकते, कारण गवत निबर होतं आणि अस्वल हजार फूट वर गेलेलं असतं.

नकाशावर मी तीन गोष्टी शोधतो: दक्षिण उतारावरची मोकळी गवताळ जागा, हिमप्रपातानं झाडं साफ केलेल्या उभ्या पट्ट्या, आणि गेटनं बंद केलेले जुने लाकूडतोडीचे रस्ते, त्यांच्यावर क्लोव्हर उगवतो. जमीन नॅशनल फॉरेस्टची आहे ना हे ॲपवर तपासा. नॅशनल पार्कमध्ये शिकार नाही. फॉरेस्टचे बरेच रस्ते चिखलामुळं मेपर्यंत किंवा त्याच्याही पुढं गाड्यांना बंद असतात, त्या तारखा फॉरेस्ट सर्व्हिसच्या मोटर व्हेइकल नकाशावर छापलेल्या असतात, नाहीतर दोन तास गाडी चालवून गेटसमोर उभे राहाल. अर्थात बंद गेट म्हणजे पलीकडं माणूस कमी, म्हणून मला बंद गेट आवडतं. पण तिथंच हिशोब सुरू होतो. गेटपासून आठ मैल आत गेलात म्हणजे मांस घेऊन आठ मैल बाहेर, मग परत आठ आत. पहिल्या वर्षी दोन, फार तर अडीच मैलांच्या आत राहा, आणि जमलं तर अशी जागा निवडा की परत येताना ओझं घेऊन उतरायचं असेल, चढायचं नसेल.

मेचे मधले दोन आठवडे नवीन माणसाला सगळ्यात चांगले. त्याच्या आधी बर्फ फार, त्याच्या नंतर गवत उंच होतं आणि अस्वल झाडाला अंग घासघासून केस घालवतं, कातडं खराब होतं. मेअखेरीला नर माद्यांच्या शोधात दिवसभर फिरतात, तेव्हा मोठं अस्वल दिसायची शक्यता वाढते हेही खरं.

ओढा, बर्फ आणि गोचीड

अस्वलापेक्षा मला यांची भीती जास्त वाटते. सह्याद्रीत ट्रेक केलेल्याला चढ, घसारा, वाट चुकणं नवीन नाही, पण वितळत्या बर्फाचा ओढा नवीन असतो. आपल्याकडं पाऊस पडला की ओढा चढतो हे आपल्याला कळतं. इथं स्वच्छ उन्हाचा दिवस असला की ओढा चढतो, कारण दिवसभर वरचा बर्फ वितळतो आणि ते पाणी संध्याकाळी खाली पोचतं. माझ्या दुसऱ्या वर्षी मी सकाळी साडेसहाला गुडघाभर पाण्यातून पलीकडं गेलो, दिवसभर मस्त ऊन, एक ढग नाही, आणि रात्री दहाला परत आलो तर तोच ओढा मांडीच्या वर आणि त्यात दगड गडगडल्याचा आवाज. पाय घालायचा मोह झाला, गाडी अर्ध्या मैलावर होती. घातला नाही. एका पडलेल्या लार्चच्या झाडाच्या आडोशाला जॅकेटवर जॅकेट घालून रात्र काढली, घरी सॅटेलाइटवरून मेसेज टाकला की ठीक आहे, सकाळी निघतो, आणि पहाटे पाच वाजता ते पाणी पुन्हा गुडघ्याला आलं होतं. तेव्हापासून नियम असा, संध्याकाळी जो ओढा ओलांडता येणार नाही त्याच्या पलीकडं शिकार करायचीच नाही, नाहीतर झोपायचं सामान घेऊन जायचं.

बर्फाचंही तसंच. पहाटे गोठलेला असतो, वरून चालता येतं, दुपारी त्याच बर्फात कमरेपर्यंत पाय जातो. चालताना रायफलच्या चेंबरमध्ये गोळी नको, घसरून पडणं रोजचं आहे. गोचीड मेमध्ये भरपूर, पँट मोज्यात खोचा, रात्री काखा-मांड्या-डोक्याचे केस तपासा. रॉकी माउंटन स्पॉटेड फीवरवरचं सुरुवातीचं संशोधन याच व्हॅलीत झालं, हॅमिल्टन गावातली सरकारी लॅब त्यातूनच उभी राहिली, त्यामुळं ताप आला तर डॉक्टरला गोचिडीचं आवर्जून सांगा.

घरी कागदावर लिहून ठेवा: गाडी कुठं लावणार, कुठल्या घळीत जाणार, किती वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर काउंटी शेरीफला, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाला, फोन करायचा, कारण इथं शोधायला येणारी टीम शेरीफकडून निघते. माझी बायको हा कागद फ्रिजवर लावते. सॅटेलाइट मेसेंजर खांद्याच्या पट्ट्याला, बॅगेत नाही. बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलावर मारायचा तिखट फवारा, छातीवर किंवा कमरेला, तोही बॅगेत नाही. दोन्ही वस्तू पडल्या पडल्या एका हातानं काढता येतात का हे घरच्या कार्पेटवर आडवं होऊन करून बघा.

बाकी सामानाबद्दल फार लिहीत नाही. दहा बाय बेचाळीसची, म्हणजे दहापट मोठं दाखवणारी, दुर्बीण आणि तिला ट्रायपॉड, चांगले बूट, काठ्या, दोन सुऱ्या, कापडी मीट बॅग पाचसहा, दोरी, हेडलाइट दोन. रायफल थ्री-ओ-एट, टू-सेव्हंटी, थर्टी-ऑट-सिक्स यातल्या कुठल्याही मापाच्या गोळीची चालते. पैसे वाचवायचे असतील तर रायफलीत वाचवा, दुर्बिणीत नको. नारंगी रंगाचं किती आणि कधी घालायचं ते नियमांच्या पुस्तकात बघून घ्या, एकट्या माणसानं नियमापेक्षा जास्तच घालावं.

बसा आणि बघा

सकाळ वाईट नसते, पण स्प्रिंगमध्ये माझी भिस्त संध्याकाळवर. चार वाजता, ज्या उतारावर बघायचं त्याच्या समोरच्या सोंडेवर बसायचं, मधे दरी असावी, वारा आपल्या तोंडावर असावा. अस्वलाची नजर साधारण असते पण नाक भयंकर. दिवसा ऊन तापलं की हवा डोंगर चढते, सावली पडली की तीच हवा खाली वाहायला लागते, म्हणजे पाच वाजता बरोबर असलेला वारा साडेसातला उलटा होऊ शकतो. खिशात टाल्कम पावडरची छोटी बाटली ठेवा, चिमूटभर सोडली की कळतं.

दुर्बीण ट्रायपॉडवर लावून उतार पट्ट्यापट्ट्यानं वाचायचा, शेतात खुरपणी करताना आपण सरी सोडत नाही तसं. नवीन माणूस पंधरा मिनिटं बघतो आणि म्हणतो इथं काही नाही. अस्वल झुडपाच्या मागं अर्धा तास बसून खातं आणि मग तीन पावलं पुढं येतं. जळलेला बुंधा जो मघाशी तिथं नव्हता, तो अस्वल. उन्हात त्याची पाठ ओल्या डांबरासारखी चमकते, दुसरं काही तसं चमकत नाही.

दिसलं. आता उठायचं नाही. इथून पुढचा अर्धा तास सगळ्यात महत्त्वाचा.

पहिला प्रश्न, हे काळं अस्वलच आहे ना. खालच्या ४८ राज्यांत, म्हणजे अलास्का आणि हवाई सोडून, ग्रिझलीला, म्हणजे इथल्या मोठ्या तपकिरी अस्वलाला, १९७५ पासून संरक्षण आहे, आणि बिटररूटच्या बाजूला सुद्धा आता अधूनमधून ग्रिझली येतो. रंगावर अजिबात जाऊ नका, काळं अस्वल काळं, तपकिरी, दालचिनी, अगदी गव्हाळ रंगाचंही असतं. खांद्यावर मदार, म्हणजे उंचवटा, बघा, ग्रिझलीला असते. तोंडाची रेषा बाजूनं बघा, काळ्या अस्वलाची कपाळापासून नाकापर्यंत जवळपास सरळ, ग्रिझलीची मधे खोलगट. ग्रिझलीचे कान छोटे गोल, काळ्याचे उंच. दिसलीच तर नखं, ग्रिझलीची लांब आणि फिकट, काळ्याची आखूड आणि गडद. एकाच खुणेवर ठरवायचं नाही, सगळ्या जुळल्या पाहिजेत, आणि मनात कणभर शंका राहिली तर बघत बसायचं आणि घरी यायचं.

दुसरा प्रश्न, मादी तर नाही, आणि असेल तर पिल्लं. पिल्लं सोबत असलेली मादी मारणं बेकायदेशीर आहे आणि कायदा नसता तरी ते करू नये. मेमधलं पिल्लू मांजरापेक्षा थोडंसंच मोठं असतं, गवतात दिसत नाही, आणि आई चरत असताना ते झाडावर चढून बसलेलं असतं. तिसऱ्या वर्षी माझ्यासमोर एकशेऐंशी यार्डावर एकटं अस्वल होतं, तब्येतीनं चांगलं, आडवं उभं, रायफल बॅगेवर टेकवलेली, सगळं जुळलेलं. मी घड्याळ लावून थांबलो. वीस मिनिटं झाली, काही नाही. पंचविसाव्या मिनिटाला तिनं मान वर करून एक हुंकार दिला असावा, मला आवाज आला नाही, पण वरच्या पॉन्डेरोसा पाइनच्या खोडावरून एक काळा गोळा खाली घसरत आला, मागं दुसरा, आणि दोघं धावत तिच्या पोटाखाली गेले. माझे हात थरथरत होते. तेव्हापासून एकट्या दिसणाऱ्या अस्वलाला मी अर्धा तास देतो, तेवढ्यात ते निघून गेलं तर जाऊ दे.

आकार कानावरून कळतो. छोट्या अस्वलाचे कान डोक्याच्या मानानं मोठे आणि जवळजवळ दिसतात, मोठ्या नराचे डोक्याच्या कडेला लहानसे, लांबलांब, आणि पोट जमिनीकडं लोंबतं.

तिसरा प्रश्न तोच, हिशोब. ते पडेल तिथून खाली काय आहे? कडा, ओढा, दाट झुडूप? अंधार व्हायला किती वेळ? मेअखेर इथल्या मिझुला शहरात सूर्य सव्वानऊच्या आसपास मावळतो आणि त्यानंतर अर्धा तास कायद्यानं गोळी चालते. कायद्यानं चालते म्हणून एकट्यानं चालवायची असं नाही. मी सूर्यास्तानंतर झाडत नाही, जखमी अस्वल अंधारात झुडपात एकट्यानं शोधायची वेळ मला माझ्यावर आणायची नाही.

गोळी आणि त्यानंतर

जवळ जाताना निघायच्या आधी समोरच्या उताराचा फोनवर फोटो काढा, अस्वलाजवळची ठळक खूण ठरवा, वाळलेलं झाड, पांढरा खडक. दरीत उतरून पलीकडं चढलात की सगळं वेगळं दिसतं, आणि तासभर गेलेला असतो.

जितक्या अंतरावर तुम्ही बॅगेवर टेकून, धाप लागलेली असताना, दहापैकी दहा गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या निशाणात घालता तेवढं तुमचं अंतर. माझं दोनशे यार्ड. अस्वल आडवं उभं असू दे, पुढचा पाय पुढं टाकलेला असू दे, पायाच्या लगेच मागं, छातीच्या उंचीच्या खालून एक-तृतीयांशावर. लांब केस फसवतात, पोटाखालचे केस धरून मध्य काढू नका. पहिल्या गोळीनंतर लगेच दुसरी भरा आणि उभं असेल तर परत झाडा. अस्वलाची चरबी आणि केस रक्त शोषून घेतात, माग फार बारीक असतो, म्हणून शेवटचं कुठं दिसलं ती जागा डोळ्यात पक्की करा. अर्धा तास थांबा. वरच्या बाजूनं जा, भरलेली रायफल घेऊन, आणि लांब काठीनं डोळ्याला स्पर्श करा. पापणी हलली नाही तरच पुढं.

मी तिथं जरा वेळ बसतो. पंज्याचा तळवा हातात घेतो, तो माणसाच्या टाचेसारखा असतो, भेगाळलेला, आणि उन्हानं गरम. मग टॅगचं, म्हणजे लायसन्ससोबतच्या चिठ्ठीचं, नियमात सांगितलंय तसं करतो आणि कामाला लागतो, कारण अस्वलाचं कातडं म्हणजे जाड गोधडी आहे, वीस अंश तापमानात तासाभरातच मांस बिघडायला सुरुवात होऊ शकते. आधी कातडं उतरवा, नर की मादी ते कळणारा भाग कातड्याला तसाच राहू द्या, तो नियम आहे. पोट न फोडता एका बाजूनं खांदा, मांडी, पाठीचं मांस, मानेचं मांस काढा, मग उलटवा. प्रत्येक तुकडा कापडी बॅगेत, सावलीत, हवा लागेल असा फांदीला. मग हाडं काढा, ओझं बरंच कमी होतं.

मध्यम नराचं बिनहाडाचं मांस अंदाजे तीस-पस्तीस किलो, कातडं आणि डोकं मिळून पंधरा-वीस. म्हणजे दोन मैलांच्या दोन खेपा, कॅम्प असेल तर तीन. विल्डरनेस म्हणून राखलेल्या जंगलात चाकाची गाडी, सायकल काही चालत नाही, पाठच. पहिली खेप मांसाची, कातडं मागं राहिलं तर चालेल. उरलेलं मांस आतड्यांपासून निदान शंभर यार्ड दूर, लांबून दिसेल अशा मोकळ्या जागी टांगा, दहा फूट वर आणि खोडापासून चार फूट बाहेर. परत येताना दुर्बिणीतून आधी लांबून बघा, मग मोठ्यानं बोलत या. मी खेपा घालताना गाणी म्हणतो. तिथं दुसरं अस्वल बसलं असेल तर ते मांस आता त्याचं, भांडायला जाऊ नका, शिकार खात्याला कळवा.

घरी

अस्वलाचं मांस मटणासारखंच लागतं, स्प्रिंगमधलं तर जास्तच चांगलं, गवतावर असतं ना. पण त्यात ट्रिकिनेला नावाची कृमी असू शकते आणि फ्रीझरमध्ये ती मरेलच असं नाही. २०२२ मध्ये साउथ डकोटात एका कुटुंबाच्या जेवणात ४५ दिवस फ्रीझ केलेलं अस्वलाचं मांस कच्चट राहिलं, सहा जण आजारी पडले, त्यातल्या दोघांनी तर मांस खाल्लंच नव्हतं, फक्त सोबत शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. म्हणून कबाब, बार्बेक्यू नको, आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस झालंच पाहिजे, कच्च्या मांसाची पाटी-सुरी वेगळी. आपल्याकडं याला सरळ उत्तर आहे, प्रेशर कुकर. आलं-लसूण-हळद लावून तासभर ठेवा, आठ शिट्ट्या, मग कांदा-लसूण मसाल्यात सुकं. चरबी पांढरीशुभ्र निघते, मंद आचेवर कढवून बरणीत भरा, भाकरीला लावायला नाही पण बिस्किटं आणि ‘पाय’ (pie) करायला इथले जुने लोक तिच्यावर जीव टाकतात.

नखं किंवा कातडं भारतात न्यायचा विचार मनातून काढा. काळं अस्वल साइट्सच्या, म्हणजे वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे, परमिटशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, आणि मुंबई एअरपोर्टवर कस्टमला तुम्ही काय सांगणार.

शेवटचं काम सरकारी आहे. ४८ तासांच्या आत शिकार झाल्याचं कळवायचं, आणि आमच्या भागात दहा दिवसांच्या आत कातडं आणि कवटी खात्याच्या माणसाला दाखवायची. ते एक छोटा दात काढून घेतात, त्यावरून अस्वलाचं वय कळतं आणि किती अस्वलं आहेत, किती मारू द्यायची हे त्याच्या आधारानं ठरतं, त्यामुळं टाळाटाळ करू नका. कवटी गोठवायच्या आधी जबड्यात बोटाएवढी काडी आडवी घालून तोंड उघडं ठेवा. नाहीतर गोठलेलं तोंड उघडत नाही, दात काढता येत नाही, आणि ते सुटेपर्यंत थांबावं लागतं.